लाकूड-वायूकरण बॉयलर: झिजणारे भाग आणि निवडीचे निकष

ऑस्ट्रिया, दक्षिण जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक या प्रदेशांत हिवाळा दीर्घ असतो, जंगल जवळ असते आणि अनेक कुटुंबांकडे स्वतःच्या मालकीचे थोडेफार वनही असते. तेथील असंख्य घरांच्या तळघरात लाकडावर चालणारा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो आणि ते पाणी खोल्याखोल्यांतील रेडिएटरमधून फिरते. या बॉयलरांपैकी सर्वांत कार्यक्षम प्रकार वायूकरणाच्या तत्त्वावर चालतो. खरेदीच्या वेळी कार्यक्षमतेचा टक्का आणि किंमत यांवर नजर जाते. मात्र वीस वर्षांच्या वापराचा हिशेब मुख्यतः दुसऱ्याच प्रश्नावर ठरतो: आगीचा थेट मारा सोसणारा प्रत्येक भाग सुटा काढता येतो का, आणि तो पुन्हा मिळतो का?

वायूकरण म्हणजे काय

कोरडे लाकूड तापवले की त्याच्या वजनाचा सुमारे 80 टक्के भाग वायू व बाष्प होऊन बाहेर पडतो. मागे राहतो तो कोळसा आणि थोडी राख. प्रथम लाकडातील पाणी उडून जाते. साधारण 200 अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडाचे विघटन सुरू होते आणि 500 अंशांपर्यंत बहुतेक ज्वलनशील वायू बाहेर येतात. उरलेल्या तप्त कोळशाची कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ यांच्याशी अभिक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन तयार होतात. हे दोन्ही उत्तम इंधन आहेत. जुन्या बॉयलरमध्ये या सर्व अवस्था एकाच जागी, एकाच वेळी घडतात. पुरेशी हवा मिळण्याआधीच वायू थंड भिंतींना भिडतात आणि काजळी, डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांच्या रूपाने धुराड्यातून निघून जातात. वायूकरण बॉयलर वायू तयार होण्याची जागा आणि तो जळण्याची जागा वेगळी ठेवतो.

याच तत्त्वाचा दुसरा उपयोग इंजिनासाठी झाला. फ्रान्समधील अभियंता जॉर्ज इम्बेर याने 1920 च्या दशकात विकसित केलेल्या अधोमुखी वायूकारकावर दुसऱ्या महायुद्धात युरोपभर मोटारी धावल्या. पेट्रोलच्या टंचाईत भारतातही कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या बस होत्या. इंजिनाला थंड आणि डांबरविरहित वायू लागतो. बॉयलरमध्ये वायू तप्त अवस्थेतच लगेच जाळला जातो, त्यामुळे तेथे डांबरही इंधनच ठरते. घरगुती वायूकरण बॉयलर साधा राहू शकला, तो यामुळे.

रचना आणि कार्य

बहुतेक रचनांत दोन कक्ष एकावर एक असतात. वरच्या इंधनकक्षात अर्धा मीटर लांबीपर्यंतचे ओंडके रचले जातात. तळाशी निखाऱ्यांचा थर असतो आणि त्याखाली उच्चतापसह सिरॅमिकचे अरुंद, लांबट छिद्र म्हणजे नोझल असते. पंख्याच्या ओढीने वायू वरून खाली, निखाऱ्यांमधून या नोझलकडे खेचला जातो. इंधनकक्षात मिळणारी हवा प्राथमिक. नोझलपाशी मिसळणारी हवा दुय्यम. दुय्यम हवा मिळताच वायू पेट घेतो आणि खालच्या सिरॅमिक कक्षात 1000 ते 1200 अंशांची ज्वाला उभी राहते. पूर्ण जळलेला वायू नंतर उभ्या नळ्यांमधून जातो आणि नळ्यांबाहेरील पाण्याला उष्णता देऊन साधारण 150 अंशांपर्यंत थंड होऊन धुराड्यात शिरतो.

या रचनेतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सर्वाधिक ताप पाण्याने थंड राहणाऱ्या पोलादावर येत नाही. तो सिरॅमिकवर येतो. सिरॅमिक तापलेलेच राहिले पाहिजे, कारण ज्वलन पूर्ण होण्यासाठी ती उष्णता आवश्यक असते. म्हणजे झीज हा या यंत्राचा दोष नव्हे, उच्च तापमानाची ती किंमत आहे. ती किंमत कोणत्या भागाने मोजायची, हे रचनाकार ठरवतो.

नोझल

झिजणाऱ्या भागांत नोझल अग्रस्थानी आहे. प्रत्येक पेटवणीत ते खोलीच्या तापमानापासून हजार अंशांपर्यंत जाते आणि पुन्हा थंड होते. या प्रसरण-आकुंचनाने त्यात बारीक तडे पडतात. असे तडे सामान्य असतात. त्यांच्यामुळे लगेच काही बिघडत नाही. खरी हानी तीन गोष्टींनी होते. जड ओंडके वरून आदळले की कडा फुटतात. लोखंडी सळईने निखारे जोरात ढोसले तर छिद्राचा आकार बिघडतो. राखेतील पोटॅशियमसारखे क्षार उच्च तापमानात सिरॅमिकच्या पृष्ठभागाशी संयोग पावून काचेसारखा थर तयार करतात, आणि तो पृष्ठभागासह सुटू लागतो.

छिद्र रुंदावले की वायूचा वेग कमी होतो आणि दुय्यम हवा नीट मिसळत नाही. ज्वाला लांबते, नळ्यांवर काजळी धरते, न जळालेले निखारे खाली गळतात. बॉयलर चालू राहतो, पण सरपण अधिक लागते आणि धूर दिसू लागतो. म्हणून छिद्राची मूळ रुंदी माहितीपुस्तिकेतून पाहून हंगामाच्या शेवटी प्रत्यक्ष मोजणे, ही नोझलची सर्वांत सरळ परीक्षा होय.

चांगल्या रचनेत नोझल बदलण्यासाठी वेल्डिंग किंवा कटिंग लागत नाही. बॉयलर पूर्ण थंड करून राख काढली जाते. जुने नोझल छिन्नीने सैल करून वरच्या दारातून बाहेर निघते. नोझलच्या बैठकीवरील जुनी लांबी (पुट्टी) खरवडून काढावी लागते. तेथे खडा राहिला तर नवे नोझल तिरपे बसते. मग सिरॅमिक धाग्याची दोरी बैठकीवर ठेवून नोझल अलगद उतरवले जाते, चारही बाजूंच्या फटी सारख्या आहेत हे पाहिले जाते आणि त्या उच्चतापसह लांबीने बुजवल्या जातात. पहिल्या पेटवणी मंद ठेवाव्या लागतात, कारण ओल्या लांबीतील वाफ एकदम निघाली तर ती फुटते. काही रचनांत मात्र नोझल आणि तळ एकसंध ओतलेला असतो. तेथे एक कड फुटली तरी मोठा, महागडा तुकडा बदलावा लागतो.

खालचे सिरॅमिक

ज्वालेखालचे तुकडे बहुधा केवळ ठेवलेले असतात. त्यांची झीज नोझलपेक्षा संथ असते. अनेक लहान तुकड्यांचा कक्ष एकसंध कक्षापेक्षा सोयीचा, कारण ज्या ठिकाणी ज्वाला आदळते तो एकच तुकडा बदलता येतो. सफाईच्या वेळी हे तुकडे ओढून काढताना फुटण्याचे प्रमाण आगीने फुटण्याइतकेच लक्षात घ्यावे लागते.

इंधनकक्षाचे अस्तर

वरच्या कक्षातील झीज निराळ्या जातीची आहे. येथे तापमान कमी असते, पण लाकडातून निघालेली वाफ, डांबर आणि अ‍ॅसेटिक आम्ल भिंतींवर जमते. हे आम्ल पोलाद खाते. उत्तम बॉयलरमध्ये मुख्य भिंतीच्या आत सुट्या पोलादी पट्ट्या टांगलेल्या असतात. त्या पाण्याला थेट चिकटलेल्या नसल्याने अधिक गरम राहतात, त्यामुळे त्यांच्यावर कमी द्रव साचतो. शिवाय आम्लाचा पहिला हल्ला त्यांच्यावर होतो. पट्टी गंजली तर ती उचलून नवी टांगता येते. मागची भिंत गंजली तर बॉयलरच संपतो. या पट्ट्या आहेत की नाहीत, हे दार उघडताच दिसते, तरीही खरेदीच्या वेळी क्वचितच पाहिले जाते.

दारे, दोऱ्या आणि झडप

दाराच्या खाचेतील काचतंतूची दोरी कालांतराने कडक व चपटी होते आणि फटीतून आगंतुक हवा आत शिरते. मग पंखा आणि सेन्सर कितीही अचूक असले तरी हवेचे प्रमाण बिघडते. थंड बॉयलरच्या दारात कागदाची पट्टी अडकवून ओढणे ही जुनी व खात्रीची चाचणी आहे. पट्टी सहज निसटली तर प्रथम बिजागरी आवळावी आणि तरीही फरक पडला नाही तर दोरी बदलावी. म्हणून बिजागरी समायोजित करता येणारी असावी. दोरी स्वस्त असते, पण तिच्या दुर्लक्षाचा परिणाम सर्व भागांवर होतो.

पेटवताना धूर सरळ धुराड्यात सोडणारी एक झडपही वरच्या कक्षात असते. तिच्या कडेवर डांबर साचले की ती पूर्ण मिटत नाही आणि काही वायू न जळताच निसटतो. ती सहज हाती येणारी हवी.

पंखा आणि सेन्सर

पंख्याच्या पात्यांवर काजळी धरली की तोल जाऊन बेअरिंग खराब होते. त्यामुळे मोटार पात्यासह काही स्क्रूंवर सुटी व्हावी. धुरातील प्राणवायू मोजणारा लॅम्बडा सेन्सर मोटारगाड्यांतल्या सेन्सरच्याच जातीचा असतो आणि त्याचेही आयुष्य मर्यादित असते. तो चुकीचे वाचू लागला तर नियंत्रक चुकीच्या हवेवर बॉयलर चालवतो. सेन्सर सर्वसामान्य बाजारात मिळणाऱ्या प्रकारचा आहे की केवळ एकाच उत्पादकाकडून मिळणारा, हा प्रश्न येथे मोलाचा ठरतो. नियंत्रकाच्या सर्किट बोर्डाबाबतही तेच. धातू आणि सिरॅमिक कोणीतरी घडवू शकतो, बंद पडलेल्या मॉडेलचा बोर्ड घडवता येत नाही.

न बदलणारा भाग आणि परतीचे पाणी

पाण्याचा वेल्डेड पोलादी सांगाडा मात्र व्यवहारात बदलता येत नाही. तो आतून झिरपू लागला की ठिगळ फार काळ टिकत नाही. म्हणून बदलण्याजोग्या भागांचा सारा उपयोग या सांगाड्याच्या आयुष्याशी जोडलेला आहे, आणि ते आयुष्य ठरते परतीच्या पाण्याच्या तापमानावर. रेडिएटरमधून 35 अंशांचे पाणी सरळ बॉयलरमध्ये आले तर पोलादी भिंत तितकीच थंड होते. धुरातील वाफ त्या भिंतीवर द्रवते आणि डांबर व आम्ल यांचा चिखल तयार होतो. हे टाळण्यासाठी मिश्रण-झडप बॉयलरमधून निघणारे गरम पाणी थोडे थोडे परतीत मिसळते आणि आत शिरणारे पाणी किमान 60 ते 65 अंशांवर ठेवते. अनेक उत्पादक सांगाड्याची हमी याच अटीवर देतात. ही झडप न बसवता महागडा बॉयलर घेणे हा निव्वळ अपव्यय होय.

बफर टाकी

एकदा पेटलेली लाकडाची भरणी अर्धवट थांबवता येत नाही. घराला उष्णता नको असताना हवा बंद केली तर लाकूड धुमसत राहते, आणि धुमसण्यातून सर्वाधिक डांबर निर्माण होते. म्हणून बॉयलर पूर्ण जोमाने चालवून जादा उष्णता पाण्याच्या टाकीत साठवली जाते. जर्मन नियमावलीने घरगुती बॉयलरसाठी याचे माप दिले आहे: इंधनकक्षाच्या प्रत्येक लिटरमागे 12 लिटर पाणी, आणि कमीत कमी प्रत्येक किलोवॅटमागे 55 लिटर.

150 लिटर इंधनकक्षाच्या 25 किलोवॅट बॉयलरचे उदाहरण घेता येईल. पहिल्या नियमाने 1800 लिटर येतात, दुसरा नियम किमान 1375 लिटर मागतो. 1800 लिटर पाणी 35 पासून 85 अंशांपर्यंत तापले तर त्यात सुमारे 105 किलोवॅट-तास, म्हणजे विजेच्या भाषेत 105 युनिट, उष्णता साठते. सौम्य दिवशी घराला सरासरी 3 किलोवॅट लागत असतील तर ती साठवण 35 तास पुरते. पेटवणी कमी होतात, म्हणजे नोझलची प्रसरण-आकुंचनाची आवर्तनेही कमी होतात. टाकी हा वेगळा खर्च वाटतो, पण सिरॅमिकचे आणि सांगाड्याचे आयुष्य तीच वाढवते.

सरपण

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असू शकते. वायूकरणासाठी हे प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली हवे. त्यासाठी लाकूड चिरून, वरून झाकून व बाजूंनी हवा खेळती ठेवून साधारण दोन उन्हाळे ठेवावे लागते. 20 टक्के ओलाव्याच्या एक किलो लाकडातून सुमारे 4 किलोवॅट-तास मिळतात, 50 टक्क्यांच्या लाकडातून जेमतेम सव्वादोन. ओल्या लाकडाने निखाऱ्यांचा थर थंड पडतो, कोळशाची अभिक्रिया मंदावते आणि इंधनकक्षात आम्ल वाढते. समान ओलावा असेल तर वजनाच्या हिशेबाने बीच आणि स्प्रूस यांत फार फरक नाही, मात्र घनतेमुळे तेवढ्याच कक्षात बीचची भरणी अधिक काळ चालते. वेडेवाकडे ओंडके एकमेकांत अडकून निखाऱ्यांवर पोकळी तयार करतात, त्यामुळे वायू पुरेसा तयार होत नाही. रंगवलेले किंवा प्लास्टिक-लेपित लाकूड वर्ज्यच. त्यातील क्लोरीन सांगाडा वेगाने खाते.

क्षमता

बॉयलरची क्षमता घराच्या कमाल उष्णता-गरजेवरून ठरते. जुन्या बॉयलरवरचा आकडा हा आधार होऊ शकत नाही, कारण दरम्यान खिडक्या व भिंतींचे उष्णतारोधन सुधारलेले असू शकते. बहुतेक वायूकरण बॉयलर निम्म्या क्षमतेखाली स्वच्छ जळत नाहीत. अकारण मोठा बॉयलर लहान टाकीला जोडला की तो वारंवार धुमसतो, आणि वर वर्णिलेली सर्व झीज वेग घेते.

मानके आणि आकड्यांचे वाचन

युरोपात 500 किलोवॅटपर्यंतच्या घन-इंधन बॉयलरसाठी ईएन 303-5 हे मानक आहे. त्यात पाचवा वर्ग सर्वांत कडक आहे. 1 जानेवारी 2020 पासून युरोपीय संघाचे इको-डिझाइन नियम लागू आहेत. हाताने भरल्या जाणाऱ्या बॉयलरसाठी त्यांची मर्यादा घनमीटर धुरामागे 60 मिलिग्रॅम धूलिकण आणि 700 मिलिग्रॅम कार्बन मोनॉक्साइड अशी आहे. जर्मनीत 2017 पासून ओंडक्यांच्या नव्या बॉयलरसाठी धूलिकणांची मर्यादा 20 मिलिग्रॅम आहे. या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही: युरोपीय आकडा धुरात 10 टक्के प्राणवायू धरून दिलेला आहे, जर्मन आकडा 13 टक्के. 60 चे रूपांतर केल्यास सुमारे 44 येतात, म्हणजे जर्मन नियम तरीही दुपटीने कडक आहे. चेक प्रजासत्ताकात पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे जुने बॉयलर 1 सप्टेंबर 2024 पासून वापरण्यास मनाई आहे.

कार्यक्षमतेबाबतही असाच घोळ होतो. माहितीपत्रकातील 90 टक्क्यांहून अधिक आकडा वाफेतील उष्णता वगळून काढलेला असतो. इको-डिझाइनची हंगामी कार्यक्षमता ती उष्णता धरून काढतात, म्हणून त्याच बॉयलरचा आकडा तेथे खाली येतो. शिवाय प्रमाणपत्र नव्या नोझलचे, कोरड्या लाकडाचे आणि घट्ट दारांचे असते. पाचव्या वर्षी ते आकडे कायम राहतील की नाही, हे सुट्या भागांवर अवलंबून आहे.

वीज जाते तेव्हा

पंखा आणि पंप थांबले तरी निखारे उष्णता देत राहतात. म्हणून बॉयलरमध्ये थंड पाण्याची वेगळी नळी गुंडाळलेली असते; पाणी साधारण 95 अंशांवर गेले की औष्णिक झडप विजेशिवाय उघडते आणि नळाचे पाणी उष्णता घेऊन बाहेर वाहते. विहिरीवर विजेचा पंप असलेल्या घरात वीज गेली की हे पाणीही थांबते. तेथे दाबाच्या स्वतंत्र पाण्याची सोय आधीच करावी लागते. बॉयलरच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र आणि बाहेरून हवा येण्याचा मार्ग, हे दोन्ही अनिवार्य मानावेत.

मर्यादा

सरपण हाताने भरावे लागते, राख काढावी लागते, लाकूड दोन वर्षे साठवण्यास जागा लागते. वृद्ध किंवा सतत प्रवासात असलेल्या कुटुंबासाठी पेलेटचा, म्हणजे दाबलेल्या लाकूड-भुशाच्या गोळ्यांचा, स्वयंचलित बॉयलर योग्य ठरतो. धुराचे तापमान कमी असल्याने विटांचे जुने धुराडे ओलसर होऊ शकते. त्यात स्टेनलेस पोलादाची किंवा सिरॅमिकची नळी घालावी लागते.

महाराष्ट्राशी दुवा

महाराष्ट्रात घर तापवण्याची गरज नाही, पण उद्योगांना उष्णता लागते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1990 च्या दशकात उसाचे पाचट आणि चिपाड (बगॅस) यांवर चालणारा, औद्योगिक उष्णतेसाठीचा वायूकारक विकसित केला. पाचट हलके असते, त्यात राख जास्त असते आणि ते ओंडक्यासारखे आपल्या वजनाने खाली सरकत नाही, म्हणून त्याची रचना वेगळी करावी लागली.

सुटे भाग पारखताना

ऑस्ट्रियातील फ्रोलिंग, हार्गासनर, ईटीए किंवा चेक प्रजासत्ताकातील अ‍ॅटमॉस अशा उत्पादकांचे बॉयलर एकाच वर्गाचे असले तरी त्यांच्या अंतर्रचना भिन्न आहेत. करार करण्यापूर्वी सुट्या भागांचा क्रमांकासह आराखडा मागावा. नोझल, खालचे सिरॅमिक, टांगत्या पट्ट्या, दोऱ्या, पंखा, सेन्सर आणि बोर्ड यांना स्वतंत्र क्रमांक व किंमत असली पाहिजे. ज्या भागाला क्रमांक नाही तो मिळणार नाही, असे धरून चालावे. त्याच उत्पादकाच्या पंधरा वर्षे जुन्या मॉडेलचे नोझल आज मिळते का, हे विक्रेत्याला विचारल्यास आश्वासनांपेक्षा अधिक कळते. नोझल कोणत्या दारातून आणि किती वजनाचे निघते, हे प्रदर्शनातील बॉयलर उघडून पाहावे. पाचव्या वर्गाच्या दोन बॉयलरांत कार्यक्षमतेचा फरक एक-दोन टक्के असेल आणि एकाचे नोझल सुटे निघत असेल, तर तोच घ्यावा. एक नोझल, लांबीचा डबा आणि दाराच्या दोऱ्यांचा एक संच बॉयलरबरोबरच मागवून कोरड्या जागी ठेवावा; हे भाग निकामी होतात ते बहुधा भर जानेवारीत.